भरून आणलेली आई

भांडणारा मुलगा परवडला. आमचा श्रीशैल भांडत नाही, हीच त्याची खोड. मी काही बोलले की तो ‘हो आई’ म्हणतो, मान हलवतो आणि बेंगळूरला जाऊन त्याला पाहिजे तेच करतो. लहानपणी दोडक्याची भाजी अशीच संपवायचा. ‘हो आई’ म्हणायचा आणि ताटाखाली सारायचा. आता पन्नाशी आली, हुद्दा वाढला, पोट वाढलं, सवय तीच. फक्त या वेळी त्यानं ताटाखाली सारली ती मला.

मी इंदुमती दिवटे. शाळा चौथीपर्यंत, तीही घरी काम नसेल त्या दिवशी. पण इचलकरंजीत घरामागच्या शेडमध्ये माझे चार माग आहेत आणि आमचे मालक, श्रीशैलचे वडील, गेल्यापासून ते मी चालवते. एके काळी आमच्या गल्लीतली पोरं मागाच्या खडखडाटात गाढ झोपायची आणि वीज गेली की दचकून उठायची. आता गावाबाहेर मोठे कारखाने झालेत. आत दिवासुद्धा लावत नाहीत म्हणे, कारण आत माणूसच नसतो. यंत्रं अंधारात कापड विणत बसतात. गल्लीत आवाज उरलाय तो माझ्याच शेडचा. जाडे पंचे लोकांना अजून लागतात आणि तेवढ्यासाठी त्या अंधारातल्या यंत्रांना थांबवणं कुणाला परवडत नाही. म्हणून मी आहे, आणि माझा जॉबर दस्तगीर आहे. माग बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर. दस्तगीर माग दुरुस्त करता करता म्हातारा झाला, मी त्याच्यावर ओरडता ओरडता.

दिवाळीला श्रीशैल, सून आणि नात तारिणी आले. फराळ झाल्यावर त्यानं दिवे मालवले, खिशातली डबी भिंतीकडं धरली आणि म्हणाला, आई, तुला एक गंमत दाखवतो.

भिंतीवर आमची शेड उमटली. मालकांचं तेरावं झाल्यावर माग पुन्हा सुरू केले, तो दिवस. त्या दिवशी श्रीशैल फोननं हलतं-बोलतं चित्र घेत होता, ते मला आठवत होतं. ते आणि घरातली बाकीची सगळी चित्रं मालकांच्या जुन्या हार्ड डिस्कवर ठेवली होती. पुढं डिस्क बिघडली. श्रीशैलनं तिच्यातून जेवढं निघेल तेवढं काढून नेलं, पण या चित्राचा निम्मा भाग सडला होता आणि आवाज तर पार गेला होता. आता त्यानं त्याची भरणी करून आणली होती.

भिंतीवर मी मागाशेजारी उभी होते. श्रीशैलचा आवाज विचारत होता, मागांचं आता काय करायचं. आणि ती भिंतीवरची बाई मान कलती करून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “बाळा, लोखंडच ते. विकून टाक. मी तुझ्याकडं येऊन राहीन. तुझ्या सुखापुढं मला काही नको.”

सून पदर नव्हता म्हणून ओढणीनं डोळे पुसायला लागली. तारिणी उठून भिंतीपाशी गेली आणि त्या बाईच्या गालाला हात लावून ‘आजी’ म्हणाली. मी तिथंच बसले होते, हातात चकलीचं ताट घेऊन.

मी विचारलं, ही कोण? मी जन्मात कुणाला बाळा म्हटलेलं नाही. ह्याला मी शैल्या म्हणते आणि रागात असले तर त्याच्या बापाचं नाव लावून म्हणते. त्या दिवशी मी काय बोलले, ते मला पक्कं ठाऊक होतं. माझा श्वास चालू आहे तोवर माग चालू राहणार, असं मी त्याला ठणकावलं होतं.

श्रीशैल हसला. म्हणाला, किती वर्षं झाली आई, तेव्हा तू दुःखात होतीस, आठवत नसेल. मग आवाज अजून मऊ करून त्यानं सांगितलं की भंगारवाल्याशी बोलणं झालंय, संक्रांतीनंतर तो माग न्यायला येईल, आणि मग मी बेंगळूरला जायचं. मागच्या उन्हाळ्यात मी मोरीत पडले होते, तेही त्यानं काढलं. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, “पण तूच तर सांगितलंस, आई.” आणि भिंतीकडं बोट केलं.

भिंतीवरच्या मला कोण खोटं पाडणार? सुनेचा तिच्यावर विश्वास बसला होता. दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्या जावेचा, भाच्यांचा, सगळ्यांचा बसला. जावेनं तर फोन करून सांगितलं की बाई, तुमच्या पोटात एवढी माया असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, नाहीच आहे.

भरणी म्हणजे काय ते श्रीशैलनंच मला समजावलं. शिकलेल्या माणसाला एकदा विचारलं की तो थांबत नाही. तर, यंत्राला घरातली सगळी जुनी चित्रं दाखवायची. कोण कसं चालतं, कसं हसतं, बोलताना कुठं दम घेतं, हे ते बघून बघून शिकतं. मग जिथं चित्र फाटलंय तिथं अलीकडचं आणि पलीकडचं बघून मधलं स्वतः विणतं, रफू केल्यासारखं. इथवर मला पटलं. पण पुढं तो बोलून गेला की यंत्र एकच रफू करत नाही, चार तऱ्हा करून दाखवतं. बघणारा कुठं थांबतो, काय पुन्हा बघतो, कुठं तोंड फिरवतो, हे टिपतं, आणि पुढची तऱ्हा त्याच्या कलानं विणतं. बहुतेक लोकांना तोंड आणि आवाज यांचंच पडलेलं असतं, म्हणून मेहनत सगळी तिथं. शेवटी माणूस ‘हेच ते’ म्हणतो. तेच मग खरं.

कापडाच्या धंद्यात असं करणाऱ्याला व्यापारी दारात उभा करत नाहीत. ताग्यात दोष निघाला तर आम्ही रफू करतो, पण त्या जागी काठाला रंगीत दोरा बांधतो, घेणाऱ्याला कळावं म्हणून. मी श्रीशैलला विचारलं की तुझ्या भरणीला दोरा कुठं बांधलाय. तो म्हणाला, दोरा दिसला तर भरणीला काय अर्थ, आई?

ते गेले. घर परत एवढं मोठं झालं. मी दर रविवारी तारिणीला फोन करायची. आधी ती पाच मिनिटं तरी बोलायची. आता ती गप्प राहायला लागली. एकदा मी तिला केस बांध म्हणून दटावलं, तर म्हणाली की आजी, तू फोनवर अशी का बोलतेस, आमच्याकडची आजी छान बोलते. त्यांनी यंत्राकडून त्या बाईचं बोलतं चित्र करून हॉलमध्ये लावलं होतं. सकाळी ती ‘उठलीस का गं सोन्या’ म्हणायची. मी फोन ठेवला आणि शेडमध्ये जाऊन दस्तगीरला उगाच चार शब्द सुनावले. त्याला कमी ऐकू येतं. तो हसून तंबाखू मळत राहिला.

मग मी मालकांच्या कपाटातून हार्ड डिस्क काढली. श्रीशैल म्हणाला होता ती मेली. पण मेलेली वस्तू आवाज करत नाही. वायर जोडली की ती आतून टकटक करायची, थांबायची, परत टकटक. आत काहीतरी होतं आणि बाहेर यायला धडपडत होतं.

मी फोनमधल्या बाईला विचारलं. ती माझ्याशी कायम अदबीनं बोलते, म्हणून मला तिचा संशय येतो. पण माहिती दिली तिनं नीट. डब्यात आरशासारखी गोल तबकडी असते, भिंगरीहून जोरात फिरते. तिच्यावर एक बारीक काटा तरंगत असतो. टेकत नाही, फिरत्या वाऱ्यावर तरंगतो, आणि दोघांत फट एवढी कमी की धुळीचा कणसुद्धा मावत नाही. लिहिलेलं सगळं त्या तबकडीवर. काटा थकला की त्याला वाचायची जागा सापडत नाही. तो मागं येतो, खुंटीला आपटतो, पुन्हा जातो, पुन्हा आपटतो. तीच टकटक. हे मला तिनं सांगायच्या आधी अर्धं कळलं होतं. आडवं सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याला पलीकडची पेटी सापडली नाही की माग असाच आपटतो.

अशा डिस्का आता कुणी करत नाही, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारी माणसं दुकानं बंद करून भरणीच्या धंद्यात गेली, असं ती म्हणाली. मी म्हटलं, मग घरी काय करता येईल ते सांग. ती आढेवेढे घ्यायला लागली. मी तिला दरडावलं. तेव्हा म्हणाली की पूर्वी काही लोक डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे; गारठ्यानं आतलं लोखंड आक्रसतं आणि अडकलेला काटा कधी कधी सुटतो; पण आत दव धरलं तर सगळं जाईल, मी तुम्हाला सल्ला देत नाही. सल्ला न देता बरंच सांगितलं बाईनं.

मटाराच्या पिशवीशेजारी डिस्क ठेवली. सकाळी काढली, पुसली, जोडली. टकटक आली नाही. आतून एकसुरी घूं असा आवाज आला आणि मालकांच्या जुन्या संगणकावर चित्रांच्या चौकटी उमटल्या. मला वाचायला वेळ लागतो. हव्या त्या दिवसाचं चित्र शोधण्याआधी बोट भलत्याच चौकटीवर पडलं.

अंगणात टेम्पो उभा. ड्रायव्हरनं मागं घेता घेता सूत गुंडाळलेले जड बीम पाडलेले. आणि मी, कमरेला पदर खोचून, त्याला विचारत होते की आरसा काय दाढी करायला लावलायस का. पुढं मी त्याच्या आजोळापर्यंत पोचले. मागं मालक हसू दाबत उभे होते. आवाज माझा, खरखरीत, शेडभर पोचणारा. मी खुर्चीवर बसून हसायला लागले. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी मी बाजूला वळून म्हटलं, बघा, ही मी.

तेवढ्यात चित्र थिजलं आणि टकटक परत सुरू झाली. पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवून बघितली. नाही म्हणजे नाही.

संक्रांत जवळ येत होती. मी दस्तगीरला स्वयंपाकघरात बोलावलं. फोनमधली बाई म्हणाली होती की डबा उघडू नका, असलं काम धूळ नसलेल्या खोलीत करतात. धूळ नसलेली खोली! आमच्या गल्लीत कापसाचा तूस वरणातसुद्धा सापडतो. तरी मी ओटा पुसला, दारं लावली, पंखा बंद केला. दस्तगीरनं डोक्याला फडकं बांधलं आणि चांदणीसारख्या खाचेचे ते बारीक स्क्रू घड्याळजीकडून आणलेल्या पेचकसानं काढले.

झाकण निघालं. आत एवढी स्वच्छ तबकडी की तिच्यात आम्हा दोघांची तोंडं दिसली. वायर जोडली. काटा पुढं गेला, मागं येऊन आपटला. दस्तगीरनं डब्याच्या कडेला बोटं टेकवली. त्याला आता असंच ऐकू येतं, हातानं.

“वैनी, कोरडं हाय ओ,” तो म्हणाला. “सांधा कोरडा पडलाय.”

मलाही तेच वाटलं होतं. आम्ही दोघांनी आख्खा जन्म हेच केलं. वाजलं की तेल. मागाला तेल, चाकाला तेल, दाराच्या बिजागरीला तेल. कापडवाल्यांच्या गावात वाजणाऱ्या वस्तूला दुसरं औषध कुणाला सुचत नाही. सुईच्या टोकावर स्पिंडल तेलाचा थेंब घेऊन मी काट्याच्या मुळाशी सोडला. माझा हात अजून थरथरत नाही. थेंब जागेवर बसला. पण तबकडी फिरायला लागली तसा तो पसरला, आणि आरशावर तेलाचं इंद्रधनुष्य उमटलं. मग मी दुसरी हुशारी केली. धुतलेल्या मलमलीनं, बाळाचं तोंड पुसावं तशी, ती तबकडी पुसून घेतली.

पुन्हा जोडली. टकटक बंद. दस्तगीरनं बोटं टेकवून मान डोलावली. मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत आतून चर्रर्र आवाज आला, बारीक, कोयत्याला धार लावताना येतो तसा. वायर काढली तेव्हा तबकडीवर गोल ओरखडा पडला होता आणि कडेला राखेसारखी काळी पूड जमली होती. फोनमधल्या बाईला मी ओरखडा दाखवला. ती म्हणाली की ती पूड म्हणजेच लिहिलेलं होतं. त्यातून आता कुणालाच काही काढता येणार नाही.

दस्तगीर चहा न पिता गेला. मी ओटा पुसायला घेतला आणि पुसता पुसता थांबले, कारण फडक्याला ती पूड लागत होती. टेम्पोवाल्यावर ओरडणारी मी, हसू दाबणारे मालक, श्रीशैलचं बारसं, सगळं त्या फडक्यात. ते धुवायचं का टाकायचं, कळेना. ओट्यावरच ठेवून दिलं. आता माझ्याकडं पुरावा असा काही राहिला नाही. माझा आवाज ओळखणारं माणूस म्हणाल तर एक बहिरा जॉबर.

शुक्रवारी आमच्या भागाला विजेची सुट्टी असायची. शेड बंद, घरापुरती वीज. त्या दुपारी शेजारच्या घरातला चमचा पडलेला ऐकू येत होता. श्रीशैलनं माझ्या फोनवर ती भरणी पाठवून ठेवली होती. का कुणास ठाऊक, मी ती लावली. तिचं ‘बाळा’ ऐकवेना, म्हणून आवाज पूर्ण बंद केला.

आवाज गेल्यावर मी शेडमध्ये बघते तसं बघायला लागले. चालत्या मागांत माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही बोलतो ते तोंडानं आणि हातानं एकदमच. तळवा खाली दाबला म्हणजे थांबव. बोट हवेत गोल फिरवलं म्हणजे चालू ठेव. ह्या हातांना आम्ही भाषा म्हणत नाही, भूक लागली की हात तोंडाकडं जातो तसे ते आपोआप जातात. भिंतीवरच्या बाईनं माझं तोंड घेतलं होतं, डोळे घेतले होते, त्यांत पाणी घातलं होतं. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात माझा उजवा हात मात्र माझाच राहिला होता. तिकडं यंत्रानं ढुंकून बघितलं नव्हतं. ती बाई विकून टाक म्हणत होती, आणि माझं बोट हवेत गोल फिरत होतं. जोरानं, रागानं. चालू ठेव. चालू ठेव.

मी ते परत परत बघितलं. आनंद झाला, तो सांगायला घरात कुणी नव्हतं. आणि आनंद ओसरल्यावर एक खडा टोचायला लागला. श्रीशैल या शेडमध्ये वाढलाय. बोलायच्या आधी तो हात वाचायला शिकला होता.

संक्रांतीनंतर तो आला, एकटाच. मागोमाग भंगारवाल्याचा टेम्पो. मी शेडमध्ये होते, चारही माग चालू. तो दारात उभा राहून काहीतरी गोड बोलत होता. मी त्याच्यापुढं फोन धरला. आवाज बंद, आणि अंगठ्यानं त्या बाईचं तोंड झाकलेलं. दिसत होता फक्त हात.

त्यानं हात बघितला. नंतर माझ्याकडं बघितलं आणि ओठ हलवले. खडखडाटात मला ऐकू काहीच आलं नाही, पण ओठ मी वाचले.

“दिसला होता, आई. पहिल्यांदाच दिसला होता.”

पुढं तो बरंच बोलला, भरभर, लहानपणी बोलायचा तसा. यंत्रानं आधी एक तऱ्हा अशी काढली होती की मी त्यात ओरडत होते. ती त्यानं अर्ध्यावर बंद केली. दुसऱ्या तऱ्हेत मी थोडी मऊ होते, ती त्यानं दोनदा बघितली. मग यंत्राला समजलं. त्याला वाटायचं, एकदा तरी आईच्या तोंडून बाळा ऐकावं. ऐकल्यावर हात बघायचा नाही असं त्यानं ठरवलं. मागांचं निमित्त झालं, तो म्हणाला, मला तू तिथं पाहिजे होतीस, पण अशी.

त्याचे डोळे भरले होते. माझं लेकरू आहे, मला दिसत नाही असं नाही. मी हात पुढं केलासुद्धा असता. पण त्याच्या पाठीमागं टेम्पोवाला साखळ्या काढत होता.

चालता माग मी तोवर आपणहून थांबवलेला नव्हता, मालकांना नेलं त्या दिवशीसुद्धा माग दस्तगीरनं थांबवले होते. या वेळी मी एकेक करून चारही बंद केले, कारण हे हातानं सांगण्यासारखं नव्हतं. शेड शांत झाली. दस्तगीर कानाला हात लावून उभा राहिला. टेम्पोवाल्याला मी जायला सांगितलं, आणि तो माझ्या आवाजावरूनच गेला.

मग मी माझ्या मुलाला म्हटलं, “यंत्रानं तुला फसवलं असतं, शैल्या, तर मी यंत्राला शिव्या घातल्या असत्या आणि तुला जेवायला वाढलं असतं. तू फसला नाहीस. तू निवडलंस. तर आता तिलाच सांभाळ. ती मोरीत पडत नाही, उलट बोलत नाही, रोज सकाळी सोन्या म्हणते. मी इथंच राहते. फक्त एक ध्यानात ठेव. मी मेले की तू रडायला बसशील, आणि माझा आवाज आठवायला जाशील, तेव्हा तुला तिचाच आठवेल.”